वीज गेल्यावर नर्सच्या हाती काय राहते?



मृगाच्या आधी आपण शेतकरी माणसे काय काय पाहून ठेवतो? बियाणे कोरडे आहे का, कौले शाकारून झाली का, गोठ्यामागची चर मोकळी आहे का, इंजिन एका हाताला सुरू होते का. पाऊस सुरू झाल्यावर कौलांवर चढणाऱ्याचा पाय घसरतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत तो दवाखान्याचा आहे, पण जात तीच आहे.

निमित्त असे झाले की, आमच्या भागातल्या एका मिशन दवाखान्यासाठी कॉम्प्युटर आणि नवी यंत्रे घेण्याचे चालले आहे, आणि त्यासाठी गावोगावच्या कुटुंबांकडे मदतीची विनंती आली आहे. रविवारी मिस्सा संपल्यावर काही जणांनी आम्हांला विचारले की, पैसे द्यावेत का? आमचे उत्तर ‘अवश्य द्यावेत’ असेच आहे. परंतु देण्याआधी एक प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते. नदीला पूर आला, वीज गेली, तार तुटली, तर त्या रात्री वॉर्डात उभ्या असलेल्या नर्सच्या हाती काय राहील?

हा प्रश्न काल्पनिक नाही. कृष्णा आणि तिच्या उपनद्यांना २००५ साली, २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली जे पूर आले ते सांगली-कोल्हापूरकरांनी पाहिले, तसेच आपल्या बेळगाव जिल्ह्यानेही पाहिले. २०१९ च्या ऑगस्टात मलप्रभा आणि घटप्रभेने काय केले, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको. त्या आठवड्यात एका लहानशा दवाखान्यात (गावाचे नाव आम्ही देत नाही) कमरेइतके पाणी शिरले. खालच्या फळीवरची सारी रजिस्टरे भिजून त्यांचा लगदा झाला. तिथल्या सिस्टरांनी रोग्यांना होडीतून बाहेर काढताना प्रत्येकाच्या सदऱ्याला वा पोलक्याला चिकटपट्टीचा तुकडा लावला. त्यावर बॉलपेनने नाव, औषध आणि शेवटचे औषध किती वाजता दिले ते लिहिले. पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना तेवढीच माहिती मिळाली, पण मिळाली. हे कोणी त्यांना शिकवले नव्हते. त्यांना ते सुचले. आमचे म्हणणे इतकेच की, अशा गोष्टी सुचण्यावर सोडू नयेत.

आजच्या वॉर्डात नर्सच्या भोवती कोणकोणती यंत्रे असतात ते आधी पाहू. सलाईनमधून औषध ठरल्या मापाने सोडणारा पंप असतो. नाडी, रक्तदाब आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर असतो. श्वास देणारा व्हेंटिलेटर असतो. हवेतून ऑक्सिजन गोळा करणारे यंत्र असते. मोठ्या रुग्णालयांत रोग्याच्या मनगटावर पट्टी बांधतात, तिच्यावरच्या रेघा यंत्राने वाचून मगच औषध देतात, म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला जात नाही. आणि ह्या सर्वांची नोंद कॉम्प्युटरमध्ये. ही सोय उत्तम आहे. डॉक्टरांच्या अक्षरावरून औषध ओळखण्याची कसरत ज्यांनी केली आहे, त्यांना विचारा. पण ह्यातले जवळजवळ प्रत्येक यंत्र विजेवर चालते. पंपाची आणि मॉनिटरची बॅटरी काही तास टिकते, तीही जुनी नसेल तर. ऑक्सिजन गोळा करणारे यंत्र वीज जाताच थांबते. भरलेला सिलिंडर मात्र विजेशिवाय चालतो. सात हजार लिटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला ५ लिटर ह्या हिशेबाने सुमारे २३ तास पुरतो. दवाखान्यात असे किती सिलिंडर आहेत आणि ते कोणत्या मजल्यावर ठेवले आहेत, हे विचारायला डॉक्टरी विद्या लागत नाही.

आता दूरदेशीच्या तीन गोष्टी सांगतो. श्रीमंत देशाच्या रुग्णालयांतही काय झाले हे कळले, म्हणजे ‘पैसे असले की सारे होते’ हा आपला समज थोडा सैल होईल.

पहिली गोष्ट अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराची. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना नावाचे चक्रीवादळ तिथे आदळले, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. तिथले चॅरिटी हॉस्पिटल हे गोरगरिबांचे फार जुने रुग्णालय. त्याचे जनरेटर तळघरात होते. तळघरात पाणी भरले आणि रुग्णालय अंधारात बुडाले. ज्या रोग्यांना यंत्र श्वास देत होते, त्यांना नर्सेस आणि डॉक्टर हाताने रबरी फुगा दाबून श्वास देत राहिले. मोठ्या माणसाला असा श्वास द्यायचा म्हणजे पाच-सहा सेकंदांनी एकदा फुगा दाबायचा, रात्रंदिवस. पंधरा मिनिटे केले तरी मनगट भरून येते. म्हणजे एका रोग्यामागे एक नर्स अडकली. तिच्या बाकीच्या रोग्यांकडे कोण पाहणार? मेमोरियल नावाच्या दुसऱ्या रुग्णालयात विजेची जोडणी बदलणारी यंत्रणा खालच्या मजल्यावर होती. तिथेही वीज गेली, आतली उष्णता चाळिशीच्या घरात पोचली, आणि पाणी ओसरल्यावर त्या इमारतीत ४५ मृतदेह मिळाले.

त्याच शहरात दुसरे एक चित्रही दिसले. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये होत्या. त्यांच्या प्रतींच्या टेप ह्यूस्टन शहरी नेण्यात आल्या आणि काही दिवसांतच तिथून नोंदी पुन्हा चालू झाल्या. घरदार सोडून दुसऱ्या राज्यात गेलेला म्हातारा सैनिक तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेला तर त्याचे औषध कोणते, मात्रा किती, हे डॉक्टरांना पडद्यावर दिसत होते. ज्यांचे कागद खाजगी डॉक्टरांच्या कपाटात होते, त्यांचे कागद चिखलात गेले. ‘ती गुलाबी गोळी, सकाळी एक’ एवढेच सांगू शकणारे हजारो लोक निवाऱ्यांत बसले होते. शेवटी औषधाच्या दुकानांच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी एकत्र करून डॉक्टरांना दाखवण्याची व्यवस्था झाली, पण तोवर सप्टेंबर महिना सरत आला होता.

तेव्हा आम्ही कॉम्प्युटरच्या विरुद्ध आहोत असे कोणी समजू नये. कागद भिजतो, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट न्यू यॉर्कची, आणि ही विहिरीवर मोटार बसवणाऱ्याला चटकन समजेल. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळामुळे समुद्राचे पाणी शहरात आले. बेलेव्ह्यू नावाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाने जनरेटर पुराच्या भयाने तेराव्या मजल्यावर ठेवलेले होते. शहाणपणाचेच काम. परंतु त्या जनरेटरना तेल चढवणारे पंप तळघरात होते! पाणी आले, पंप बुडाले. मग कर्मचारी आणि सैनिक जिन्यावर रांग करून उभे राहिले आणि हातोहात डिझेल तेराव्या मजल्यावर पोचवू लागले. अखेर सारे रुग्णालय रिकामे करावे लागले. जवळच्याच एका विद्यापीठाच्या रुग्णालयातून त्याच रात्री तीनशेहून अधिक रोगी हलवले, त्यांत २० तान्ही बाळे होती. नर्सेसनी त्यांना उराशी धरून, हाताने श्वास देत, अंधाऱ्या जिन्याने नऊ मजले खाली आणले. मोटार उंचावर आणि स्टार्टर पाण्यात, अशी चूक आपल्या शेतावर झाली तर गडीमाणसेही हसतील. एवढ्या मोठ्या शहरात ती कोणाच्या ध्यानात आली नाही, ह्याचे कारण आम्हांला असे वाटते की, जनरेटर पाहणारा एक, तेल पाहणारा दुसरा, आणि वॉर्डात रात्र काढणारी तिसरीच. तिघांनी मिळून एकदा इमारतीतून फेरी मारली नाही.

तिसरी गोष्ट जॉप्लिन गावाची. हे रुग्णालय मर्सी संस्थेच्या सिस्टरांनी उभारलेले, म्हणून आपल्याला जवळचे. २२ मे २०११, रविवार, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास भयंकर वावटळ त्यावरून गेली. खिडक्या फुटल्या, जनरेटर निकामी झाले, गॅसचा वास सुटला. आत १८३ रोगी होते. दीड तासात सर्वांना बाहेर काढले. स्ट्रेचर पुरेनात तेव्हा दारे उखडून त्यांवरून रोगी उतरवले, आणि माल वाहायच्या उघड्या गाड्यांतून दुसरीकडे नेले. पाच रोगी आणि भेटीला आलेला एक माणूस मरण पावला. आता पाहा, ह्या रुग्णालयाने आपल्या नोंदी त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला कॉम्प्युटरवर आणल्या होत्या, आणि त्या नोंदी गावापासून कितीतरी लांब दुसऱ्या शहरी साठवलेल्या होत्या. त्यामुळे आठवड्याभरात तंबूत रुग्णालय उभे राहिले तेव्हा रोग्यांची माहिती हाती होती. जुने कागद आणि एक्स-रे मात्र वाऱ्याने उडून शेजारच्या जिल्ह्यांतल्या लोकांच्या अंगणात पडले. तीन आठवड्यांचा फरक! आम्ही ह्याला दैवी योग म्हणू. पण पुढच्या खेपेस योगावर विसंबू नये, इतके तरी तिथल्या लोकांना कळले. २०१५ साली नवे रुग्णालय उघडले तेव्हा जनरेटरची इमारत मुख्य इमारतीपासून दूर आणि अर्धी जमिनीत घेतली.

इथे थोडे थांबू. जॉप्लिनला जनरेटर जमिनीत घालणे शहाणपणाचे, आणि न्यू ऑर्लिन्सला तेच करणे घातक. वावटळीच्या गावी जे चालते ते पुराच्या गावी चालत नाही. म्हणून मोठ्या शहरातून आलेला विक्रेता तयार नकाशा दाखवू लागला, तर त्याला आपल्या नदीची ओळख आधी करून द्यावी. पाणी कोणत्या साली कुठवर आले, आधी कोणत्या ओढ्याने येते, कोणता रस्ता पहिल्यांदा बंद होतो, हे नदीकाठचा म्हातारा शेतकरी इंजिनिअरपेक्षा नेमके सांगतो. दवाखान्याच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ रंगाने ओढून घ्यावी. जनरेटर, विजेची पेटी, तेलाची टाकी आणि तिचा पंप, कॉम्प्युटरचे मुख्य यंत्र, औषधांचा फ्रीज, ऑक्सिजनचे सिलिंडर, हे सारे त्या रेघेच्या हातभर वर असले पाहिजे. ह्यातली एक वस्तू खाली राहिली तरी बाकीच्या वर असून उपयोग नाही.

आपल्या देशात असे घडले नाही म्हणावे, तर तसेही नाही. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छच्या भूकंपात भुजचे सरकारी रुग्णालयच कोसळले. आत रोगी होते, कर्मचारी होते. जखमींवर उघड्या मैदानात उपचार करावे लागले. पुढे तिथे नवे रुग्णालय बांधले ते रबर आणि शिशाच्या जाड ठोकळ्यांवर, म्हणजे जमीन हलली तरी इमारतीला धक्का कमी बसावा. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुरात एका मोठ्या खाजगी रुग्णालयात पाणी शिरून वीज गेली आणि १८ रोगी दगावल्याचे जाहीर झाले. ते आधीच अत्यवस्थ होते असे रुग्णालयाचे म्हणणे होते. जुलै २०२० मध्ये हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत पावसाचे पाणी खालच्या वॉर्डांत आले आणि खाटांभोवती पाणी असताना रोगी हलवावे लागले. २०१६ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रुग्णालयांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक तत्त्वे छापली. चांगली आहेत. पण छापलेले पुस्तक कपाटात असते, आणि कपाट बहुधा तळमजल्यावर.

आता आमचे मुख्य म्हणणे. दवाखान्यात यंत्र कोणते घ्यावे हे ठरवताना विक्रेता असतो, व्यवस्थापक असतात, डॉक्टर असतात. रात्रपाळीची नर्स नसते. आणि वीज जाते तेव्हा बहुतेक रात्र असते आणि तीच असते. तिला विचारावे की, बाई, हा पडदा काळा झाला तर तुम्ही काय कराल? तिच्याकडे उत्तर नसेल तर दोष तिचा नव्हे.

आमच्या ओळखीच्या एका जुन्या नर्सबाईंनी आम्हांला सांगितले ते विचार करण्यासारखे आहे. त्यांच्या काळी सलाईनचे थेंब घड्याळावर मोजून औषध सोडत. एका मिलिलिटरला २० थेंब पडणारी नळी असेल तर ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत द्यायला मिनिटाला सुमारे २१ थेंब. हा हिशेब त्यांना झोपेत विचारला तरी येतो. आजच्या मुलींना तो शाळेत शिकवतात खरा, पण पंप आल्यावर सवय जाते. त्यात मुलींचे काही चुकत नाही. ट्रॅक्टर आल्यावर आपल्या पोरांना तरी बैल जुंपता येतात का? पण बैल न जुंपता आल्याने कोणाचा जीव जात नाही.

म्हणून प्रत्येक वॉर्डात एक पत्र्याची पेटी असावी. तीत छापील कोरे तक्ते असावेत: रोग्याचे नाव, वय, आजार, काय चालत नाही, कोणते औषध, किती, किती वाजता, देणारीची सही. शिवाय बॉलपेने, कार्बन कागद, चिकटपट्टी, सेल घातलेला टॉर्च, हाताने दाबायचे रक्तदाबयंत्र, श्वास द्यायचा फुगा, थेंबांचा हिशेब लिहिलेले पुठ्ठ्याचे कार्ड, आणि टेलिफोन नंबरांची कागदावरची यादी. नंबर सारे मोबाइलमध्ये असतात आणि मोबाइल चार्ज नसतो! रोग्यांची निवड करायच्या रंगीत चिठ्ठ्याही हव्यात. लाल म्हणजे आत्ता पाहा, पिवळी म्हणजे थोडा वेळ थांबू शकतो, हिरवी म्हणजे चालू-फिरू शकतो, काळी म्हणजे ज्याच्यासाठी आता काही करण्यासारखे उरले नाही. ही निवड करणे फार जड असते. भूकंपाच्या किंवा अपघाताच्या वेळी पन्नास जण एकदम येतात तेव्हा नर्सला ती करावीच लागते, आणि ती तिने पहिल्यांदा त्याच दिवशी करू नये.

कॉम्प्युटर असलेल्या दवाखान्याने आणखी एक गोष्ट करावी. पुराचा इशारा मिळताच प्रत्येक रोग्याच्या औषधांचा कागद छापून घ्यावा आणि तो रोग्याच्या उशापाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. रोगी हलवायची वेळ आली तर कागद त्याच्याबरोबर जातो. वीज परत आल्यावर कागदावरचे सारे आधी कॉम्प्युटरमध्ये चढवून, दोघींनी मिळून ताडून पाहून, मगच पुढचे औषध द्यावे. हे मुद्दाम लिहितो, कारण खरी चूक अंधारात न होता पुष्कळदा दिवे आल्यावर होते. कागदावर आठ वाजता दिलेले इंजेक्शन पडद्यावर दिसत नाही, आणि पाळी बदलून आलेली नर्स ते पुन्हा देते.

नोंदींची दुसरी प्रत बाहेरगावी हवी, हे आता बहुतेकांना पटले आहे. पण बाहेरगाव म्हणजे कोणते? त्याच नदीवर पाच मैल खाली असलेल्या गावी ठेवलेली प्रत ही प्रतच नव्हे. आणि प्रत ठेवली एवढ्याने भागत नाही, ती उघडते का ते पाहिले पाहिजे. आपण साठवलेले बी पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून किती मोडावतात ते पाहतो. तसेच वर्षातून दोनदा त्या प्रतीतून दहा-वीस रोग्यांच्या नोंदी काढून पाहाव्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या कॉम्प्युटरवर कोणी दुष्टाव्याने हल्ला केला तेव्हा सुमारे दोन आठवडे तिथे पुष्कळसे काम हाताने कागदावर चालवावे लागले. तिथे ना पूर होता, ना भूकंप. मग ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी काय करायचे?

सरावाबद्दल व्यवस्थापकांची तक्रार असते की माणसे कमी, वेळ नाही. ती खोटी नाही. लहान दवाखान्यात दोन नर्सेस चाळीस रोगी सांभाळतात हे आम्हांला ठाऊक आहे. पण मृगाआधी एकदा, दोन तास, फक्त कॉम्प्युटर बंद ठेवून कागदावर काम करून पाहणे जमू शकते. (रोग्यांना लावलेली यंत्रे बंद करायची नाहीत, हे सांगायला नको, तरी सांगतो.) पहिल्या सरावात गोंधळ होईल. टॉर्चचे सेल गंजलेले निघतील, पेटीची किल्ली सापडणार नाही. ते मे महिन्यात कळलेले बरे.

खर्चाचे म्हणाल तर पेटीचा खर्च एका मॉनिटरच्या खर्चापुढे किरकोळ आहे. जनरेटरचा ओटा उंच करणे, तेलाचा पंप वर घेणे ह्याला पैसे लागतील. आमचे स्पष्ट मत असे की, यंत्रांसाठी जमणाऱ्या रकमेतून आधी हे करावे, आणि एक यंत्र कमी घ्यावे. देणगीदाराचे नाव मॉनिटरवर शोभते, ओट्यावर कोणी नाव घालत नाही, ही अडचण आहे खरी.

आता घरोघरच्या आपल्या भागाविषयी. २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर आरोग्याच्या नोंदींची डिजिटल योजना सुरू झाली आणि पुष्कळांनी चौदा आकडी आभा क्रमांक काढून घेतला आहे. काढला नसेल तर काढावा. पण त्याबरोबर प्रत्येक कुटुंबाने एक साधा कागदही लिहून ठेवावा: घरातल्या प्रत्येकाचा आजार, औषधाचे नाव आणि मात्रा, कोणते औषध सोसत नाही, आणि आभा क्रमांक. हा कागद रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर. गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकून न देता एकेक नमुना त्याच पिशवीत टाकावा. मधुमेहाच्या ज्या रोग्यांना इन्सुलिन लागते त्यांनी वीज गेली म्हणून घाबरू नये. चालू बाटली थंड, सावलीच्या जागी सुमारे चार आठवडे टिकते, आणि भिजवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवली तर उन्हाळ्यातही गारवा मिळतो. मात्र बाटलीला पाणी लागू देऊ नये, आणि किती दिवस चालवायची ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

ज्यांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करावे लागते, किंवा ज्यांच्या घरी विजेवर चालणारे ऑक्सिजनचे यंत्र आहे, त्यांची गोष्ट वेगळी. रस्ता चार दिवस बंद राहिला तर ते चार दिवस त्यांच्याजवळ नसतात. अशी माणसे आपल्या प्रत्येक वाडीत एक-दोन आहेत. पुराचा इशारा येताच त्यांना आधी हलवले पाहिजे, गुराढोरांच्याही आधी, आणि त्यासाठी ती कोण आहेत हे अगोदर ठाऊक हवे. दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांची नावे असतील. पण कोणाच्या दारापर्यंत जीप जाते आणि कोणाला खांद्यावरून आणावे लागते, हे त्या कॉम्प्युटरला कोणी सांगितलेले नाही. ते वाडीतल्या माणसांनाच माहीत.

म्हणून आम्ही अशी विनंती करतो की, प्रत्येक वाडीतून एकाने, ज्याचा घरोघरी वावर आहे अशाने, ही यादी त्या घरच्या माणसांना विचारून, त्यांच्या संमतीने करावी, आणि तिची एक प्रत दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंकडे व एक धर्मग्रामाच्या कचेरीत द्यावी. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा जीप आहे आणि रात्री-अपरात्री द्यायची तयारी आहे, त्यांनी आपले नाव त्याच यादीखाली लिहावे. दवाखान्याच्या ओट्यासाठी चिरे लागतील, ते वाहायलाही ट्रॉली लागेल. मृग ७-८ जूनच्या सुमारास लागतो. त्याच्या आधीचे दोन शनिवार ह्या कामासाठी ठेवले तर ओटा होईल आणि पेट्याही भरून होतील.